पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीतला अनुभव

कृष्णाकाठ

ह्या मंचावर हे लिहायचं बरेच महिने मनात होतं, पण पीएफचा हिशेब मिटेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तो आता मिटला. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. कुणी ओळखली तरी कृपया इथे लिहू नका, माझ्याबरोबरचे काही जण अजून तिथेच काम करतात.

कंपनी पुण्यातली, चाळीसेक माणसांची. उत्पादन एकच, पतसंस्थांचं सॉफ्टवेअर. ठेवी, कर्ज, सोनेतारण, पिग्मी, शेअर्स, दिवसअखेर, ताळेबंद, ऑडिटरला लागणारे तक्ते. मी वाळवा तालुक्यातली. आमच्या गल्लीत पिग्मी एजंट रोज संध्याकाळी फिरायचा. दुकानदार, दूधवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका त्याच्याकडे पन्नास-शंभर रुपये भरायच्या. एमसीए झाल्यावर हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीचंही बोलावणं होतं, तरी मी ही नोकरी घेतली. आपण लिहिलेलं कुणाच्या कामाला येणार आहे हे मला माहीत होतं. म्हणूनच नंतर जे पाहिलं ते फार लागलं.

कोड व्हिज्युअल बेसिक ६ मधला. मायक्रोसॉफ्टने त्याच्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्येच थांबवला होता. जुना कोड असण्यात गैर काही नाही, नीट सांभाळला तर तो चालतो. त्यातला व्याजाचा मूळ भाग ज्यांनी लिहिला होता त्यांनी तर तो फार विचाराने लिहिला होता. अडचण अशी की प्रत्येक पतसंस्थेसाठी कोडची वेगळी प्रत होती. सर्व्हरवर तालुक्यांच्या नावाचे फोल्डर, त्यांत संस्थांचे फोल्डर, आणि त्यांत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘मार्च फायनल’.

हे असं का झालं? मालकांना आम्ही सर म्हणायचो. सर एखाद्या संस्थेच्या संचालक मंडळापुढे बसत, तिथे शब्द देत आणि परत येताना गाडीतून फोन करत. ‘त्यांना एवढं सोमवारपर्यंत करून द्या.’ हे ‘एवढं’ म्हणजे मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीच्या व्याजाचा नवा नियम असे, किंवा पिग्मी एजंटच्या कमिशनचे टप्पे, किंवा दंडव्याजातली सूट. ज्याच्या फोनवर निरोप आला तो त्या एका प्रतीत बदल करी. ना कुठे नोंद, ना तपासणी. पुढच्या वर्षी तो मुलगा नोकरी सोडून गेला की त्या संस्थेचं व्याज असं का निघतं हे कंपनीत कुणालाच सांगता येत नसे. आम्ही चौघांनी गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) बसवायचं ठरवलं आणि एका शनिवारी थांबून निम्म्या संस्थांचा कोड त्यात आणलाही. सोमवारी प्रश्न आला, ‘ह्याचे पैसे ग्राहक देणार आहे का?’ विषय तिथेच संपला.

२९ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट सांगते, म्हणजे ह्याचा अर्थ कळेल. बारा महिन्यांची ठेव ठेवली की मुदतपूर्तीची तारीख काढताना आमचा कोड दिवस आणि महिना तोच ठेवून वर्षात फक्त एक मिळवायचा. २९ फेब्रुवारी २०२५ ही तारीख नसतेच. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन सुरू झाले, काउंटरवर ठेवीच्या पावत्या निघेनात. ही चूक एका सहकाऱ्याला २०२० मध्येच सापडली होती आणि त्याने ती दुरुस्तही केली होती. पण एकाच संस्थेच्या प्रतीत, कारण तक्रार तेवढ्याच संस्थेची आली होती. बाकीच्यांना सांगायची काही रीतच नव्हती. चार वर्षं तो बरोबर कोड शेजारच्या फोल्डरमध्ये पडून होता.

ते एक वेळ निभावलं. मार्चअखेर मात्र निभावली नाही.

३१ मार्च २०२४ रविवारी आला होता. आम्ही सगळे ऑफिसात. एका संस्थेच्या एका शाखेच्या ठेवींवरची व्याजाची तरतूद चुकली होती. नुकताच लागलेला एक मुलगा होता, त्याला फोनवरून सांगण्यात आलं की रिमोटने थेट त्यांच्या सर्व्हरवर जा आणि क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवून आकडे बदल. रात्रीचे साडेबारा झाले होते. क्वेरी त्याला फोनवरच सांगितली गेली, तिच्यात शाखेच्या कोडची अट नव्हती. सगळ्या शाखांची तरतूद बदलली. जुना बॅकअप परत चढवायला गेलो तर कळलं की रोजचा बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर पडतो आणि तो ड्राइव्ह फेब्रुवारीतच भरला आहे. तेव्हापासून एकही बॅकअप पूर्ण झालेला नव्हता. ते बघणं कुणाचं काम आहे हे कधी ठरलंच नव्हतं.

संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी छापील याद्या काढून कित्येक रात्री बसून आकडे परत भरले. सरांनी त्यांच्या व्यवस्थापकांना व्हायरस आल्याचं सांगितलं. आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून ‘तुझ्यामुळे कंपनीचं नाव गेलं’ असं सुनावलं. त्याचा निम्मा पगार कापला. फोनवर क्वेरी सांगणारे गृहस्थ त्याच खोलीत बसले होते, ते एक शब्द बोलले नाहीत. आम्ही दोघीतिघी बोललो. आम्हाला सांगण्यात आलं की ह्यात पडू नका. त्या खोलीतून बाहेर येताना मी ठरवलं की इथे राहायचं नाही.

पगाराचं नंतर लिहिते, ते वेगळंच प्रकरण आहे.

वाकडकर

वाचतोय. साखर कारखान्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत माझी सुरुवात झाली होती. ऊसनोंद, तोडणी-वाहतूक, काटा पावती, ऊसबिल. तिथेही प्रत्येक कारखान्याची प्रत वेगळी. गाळप सुरू झालं की आम्ही कारखान्याच्या गेस्ट हाउसलाच मुक्कामी. काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते आणि पावती निघत नाही, तेव्हा शेतकरी समोर उभा असतो. त्याला काय सांगणार? तुमचं ‘आपण लिहिलेलं कुणाच्या कामाला येणार आहे’ हे वाक्य पटलं.

जुना_टेस्टर

कृष्णाकाठ, त्या मुलाचं वाचून फार वाईट वाटलं. टेस्टिंगमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून एक सांगावंसं वाटतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड ठेवायची सेवा देणारी कंपनी) अगदी असंच झालं होतं. रात्री उशिरा एका थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. लक्षात येऊन त्याने थांबवलं तोवर सुमारे तीनशे जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, पाचांतली एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून बाकीचं वाचलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

फरक पुढे आहे. कंपनीने त्याच रात्री आपल्या कामाच्या नोंदी जगापुढे उघड्या ठेवल्या, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि नंतर कारणांचा सविस्तर अहवाल छापला. त्यात त्या इंजिनिअरवर खापर नव्हतं. एका माणसाच्या एका कमांडने सगळं जाऊ शकतं अशी व्यवस्था का होती, आणि बॅकअप चालत नाहीत हे कुणाला का कळलं नाही, हे प्रश्न होते. चूक मोठ्या कंपनीतही होते. चूक झाल्यावर साहेब पहिला प्रश्न कुठला विचारतात त्यावरून मी कंपनी ओळखतो. ‘कुणी केलं?’ हा पहिला प्रश्न असेल तर पुढच्या वेळी कुणी काही सांगत नाही. लपवतात. आणि लपवलेली चूक मार्चअखेरीलाच वर येते.

सहकारनगर

सहमत. त्या मुलाचं पुढे काय झालं? सांगता येण्यासारखं असेल तरच सांगा.

कृष्णाकाठ

त्याची परवानगी घेऊन सांगते. त्याने जूनमध्ये सोडलं. आता तो नाशिकला एका चांगल्या ठिकाणी आहे. तिथे थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकाच्या चालू सिस्टिमवर, कुणालाच हात लावता येत नाही, क्वेरी आधी दुसऱ्याने वाचावी लागते. तो म्हणाला, सुरुवातीचे काही महिने एंटर दाबताना हात थरथरायचा.

आता पगाराचं. मी लागले तेव्हा पगार सात तारखेला होत असे. मग पंधरा तारीख झाली. मग ‘अर्धा आत्ता, अर्धा वसुली आली की’. कारण कधीच सांगितलं जात नव्हतं. विचारलं तर ‘तुम्हाला कंपनी आपली वाटत नाही का’ असं उत्तर. त्याच काळात मोबाइल ॲपची घोषणा झाली. ॲप नव्हतंच. काही चित्रं एकामागे एक जोडून केलेला देखावा होता, बटण दाबलं की पुढचं चित्र. तो दाखवून नव्या संस्थांकडून आगाऊ रकमा घेतल्या गेल्या. मला तो देखावा घेऊन एका संस्थेत जायला सांगितलं, मी नकार दिला. त्यानंतर माझी पगारवाढ थांबली.

पगारपत्रकात पीएफची कपात दर महिन्याला दिसत होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला घरात लग्न होतं म्हणून पीएफमधून उचल हवी होती, तिने पासबुक उघडलं आणि आम्हाला सगळ्यांना हाक मारली. कपात सुरू होती, भरणा थांबला होता. मग सगळ्यांनी आपापलं पाहिलं. सगळ्यांचं तेच.

लघुउद्योजक

मी स्वतः कोल्हापुरात छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो, पंधरा माणसं आहेत. त्यामुळे थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

सहकारातल्या ग्राहकाकडून पैसे येणं फार कठीण असतं. वार्षिक देखभालीचं बिल एप्रिलमध्ये द्यायचं, मग ते संचालक मंडळाच्या सभेत मंजूर व्हायचं. कधी अध्यक्ष गावाला, कधी निवडणूक लागलेली, कधी ‘सर्वसाधारण सभा होऊ दे मग बघू’. ती सभा सप्टेंबरअखेरपर्यंत कधीही होते. तोवर मी पगार कुठून देतो ते मला माहीत. दोनदा घर गहाण ठेवलं आहे. वेगवेगळ्या प्रतींचंही तसंच. प्रत्येक संस्थेचे पोटनियम वेगळे, प्रत्येक व्यवस्थापकाला रिपोर्ट आपल्या जुन्या वहीसारखाच हवा. नाही म्हटलं तर तो दुसऱ्याकडे जातो. वीस वर्षांपूर्वी ह्या धंद्यात ज्यांनी ‘नाही’ म्हटलं ते टिकले नाहीत.

पण तीन गोष्टींना माझ्याकडे समर्थन नाही. मुलाला सगळ्यांसमोर बोलणं, ग्राहकाला व्हायरस सांगणं, आणि पीएफ. पगाराला उशीर झाला तर मी माणसांना बसवून सांगतो की अमुक संस्थेचे अमुक इतके अडकलेत, तुम्हाला थांबता येत नसेल तर मी समजू शकतो. पीएफची कापलेली रक्कम मात्र माझी नसतेच. ती वापरायचा विचारही मनात येता कामा नये.

कृष्णाकाठ

राग कसला, उलट आभार. असं आम्हाला एकदा जरी समोर बसवून सांगितलं असतं तर निम्मी माणसं थांबली असती. आम्हाला पैशांपेक्षा अंधारात ठेवल्याचा त्रास जास्त झाला.

प्रतींबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पोटनियम वेगळे असतात हे खरं, पण वेगळं असतं ते बहुतेक आकड्यांत. मुदतपूर्व मोडल्यास किती टक्के कमी, कमिशन कितीपर्यंत किती, दंडव्याज कितव्या दिवसापासून. हे आकडे कोडमधून काढून टेबलात ठेवले की कोड एकच राहतो आणि संस्थेनुसार टेबल बदलतं. आम्ही पिग्मीपुरतं असं करून दाखवलं होतं, पाच संस्थांचे जुने आकडे जुळवूनही दाखवले होते. त्याला वेळ द्यावा लागला असता, साधारण सहा महिने नवी कामं कमी घ्यावी लागली असती. तेवढा निर्णय घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि सरांशिवाय कुणाला निर्णय घ्यायची मुभाही नव्हती. प्रिंटरचा कागद मागवायलाही त्यांनाच फोन करावा लागे.

व्यवस्थापक_सातारा

मी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. हा धागा वाचून झोप लागली नाही, म्हणून खाते काढून लिहीत आहे.

आमच्याकडे सॉफ्टवेअर निवडलं गेलं ते सर्वांत कमी दरपत्रकावर आणि एका संचालकांच्या ओळखीवर. कंपनीचा माणूस मार्चमध्ये येतो, रात्रभर बसतो, सकाळी ‘झालं’ म्हणतो. त्याने काय केलं हे आम्ही विचारत नाही आणि तो सांगत नाही. ताळेबंद जुळला की आम्ही सुटलो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही बचत खात्यांचं व्याज चुकलं होतं. एका भाजीवाल्या आजींनी पासबुक घेऊन येऊन दाखवलं, त्यांनी मागच्या सहामाहीचं व्याज लक्षात ठेवलं होतं. आम्हीही कंपनीचं ऐकून ‘सिस्टिमची अडचण’ असं सांगितलं.

आम्ही काय विचारायला हवं, हे इथल्या जाणकारांनी सांगावं. आम्हाला तांत्रिक काही कळत नाही.

जुना_टेस्टर

साहेब, तुम्ही विचारलंत हीच मोठी गोष्ट. तांत्रिक काही लागत नाही.

‘बॅकअप आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. एका वेगळ्या संगणकावर कालचा बॅकअप चढवून दाखवा म्हणा, आणि त्यावर चार खात्यांची शिल्लक तुमच्या छापील यादीशी स्वतः ताडून बघा. तीन महिन्यांतून एकदा हे करायला लावा. बॅकअपची एक प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर असू द्या. दुसरं, बदल तोंडी सांगू नका आणि तोंडी करूनही घेऊ नका. एका कागदावर काय बदलायचं, का, कुणी मागितलं, कुणी तपासलं, आणि खाली दोन सह्या. मार्चअखेरीला रात्री बाराला केलेल्या बदलालाही हाच कागद. आणि तुमच्या परवानगीशिवाय रिमोट चालू राहणार नाही हे बघा. काम झालं की बंद, पासवर्ड तुमच्याकडे.

सर्व्हरवर डेटाबेसची कुठली आवृत्ती आहे तेही विचारा. एसक्यूएल सर्व्हर २००८ चा सपोर्ट जुलै २०१९ मध्येच संपला, तरी तो अजून बऱ्याच ठिकाणी चालू दिसतो.

डेटा_ताई

जुना_टेस्टर यांना पुरवणी. सभासदांचा डेटा कंपनीच्या मुलांच्या लॅपटॉपवर जातो का, हेही विचारा. टेस्टिंगसाठी म्हणून पूर्ण डेटाबेस पेन ड्राइव्हवर नेताना मी पाहिलं आहे. त्यात आधार, पॅन, मोबाइल, सोनेतारणाचे तपशील सगळं असतं. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारी यंत्रणा) एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि सिस्टिमचे लॉग (कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही आहे. ‘व्हायरस आला होता’ हे कारण तोंडावर फेकून मोकळं होता येत नाही. खरंच आला असेल तर कळवायला हवा होता, आणि आला नसेल तर ते खोटं आहे.

नवखा_अभियंता

सगळ्यांना नमस्कार. मी नुकताच पास झालोय, लातूरचा. पुण्यात एका छोट्या कंपनीत निवड झाली आहे. ते दहावी-बारावी-डिग्रीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार म्हणतात, आणि दोन वर्षांचा दीड लाखाचा बॉण्ड, म्हणजे त्याआधी सोडलं तर तेवढे पैसे भरायचे. शिवाय सोडल्यावर एक वर्ष त्याच क्षेत्रातल्या कंपनीत जायचं नाही असंही लिहिलं आहे. दुसरी ऑफर हातात नाही. घरी वडील म्हणतात सही कर. काय करू?

वकिली_पेशा

नवखा, सर्वांत आधी मूळ कागदपत्रं देऊ नकोस. पडताळणीसाठी समोर दाखव, साक्षांकित प्रती दे. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायचा मालकाला काही हक्क नाही. नम्रपणे सांग की पुढच्या शिक्षणाच्या अर्जाला मूळ प्रती लागतात. ह्यावरच जी कंपनी अडून बसते तिच्यापासून सांभाळून राहा.

नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी जायचं नाही ही अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या नेऊ नयेत ही अट मात्र टिकते, ती पाळ.

बॉण्डबद्दल लोक ‘त्याला काही अर्थ नसतो’ असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. तिथे बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी सगळी भरतीप्रक्रिया परत करावी लागते हे धरलं गेलं. तुझ्या कंपनीने तुझ्यावर खरोखर काय खर्च केला, काय प्रशिक्षण दिलं, हा प्रश्न वेगळा उभा राहतो. म्हणून प्रशिक्षण कुठलं, किती आठवड्यांचं, खर्च किती, हे बॉण्डमध्ये लिहून माग. आणि महिन्यामागे रक्कम कमी होत जाईल अशी ओळ घालायला सांग. कोरे धनादेश देऊ नकोस.

कृष्णाकाठ यांच्या त्या सहकाऱ्याबद्दल: नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाला बाजू मांडू द्यावी लागते. सगळ्यांसमोर ओरडणं म्हणजे सुनावणी नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, आणि राजीनामा दिला तरी राहिलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. आयटीतल्या माणसांना आपल्याला हे लागू नाही असं वाटतं. लागू आहे.

संपादक मंडळ

वर दोन प्रतिसादांत कंपनीच्या नावाचा अंदाज होता, ते काढले आहेत. धागालेखिकेची विनंती कृपया पाळावी.

आकडेमोड

सीए आहे, म्हणून टीडीएसबद्दल (पगारातून आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) लिहितो. जिथे पीएफ थकतो तिथे बहुतेक वेळा टीडीएसही थकलेला असतो. प्राप्तिकराच्या पोर्टलवरच्या करजमेच्या विवरणात (ज्याला फॉर्म २६एएस म्हणायचे) तुमच्या पॅनवर जमा दिसते का ते दर तिमाहीला बघा. कंपनी विवरणपत्र तिमाहीला भरते, त्यामुळे थोडा उशीर धरायचा, पण दोन तिमाह्या कोऱ्या दिसल्या तर गडबड आहे.

कापला आणि भरला नाही, तर तो कर तुमच्याकडून परत मागता येत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम २०५ त्यासाठीच होतं. अडचण इतकीच की संगणकीय पडताळणीत जमा दिसत नाही म्हणून मागणीची नोटीस येते आणि तुम्हाला भांडावं लागतं. त्यासाठी पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा हवा. कंपनीच्या मेलवर आलेली पगारपत्रकं दर महिन्याला स्वतःच्या मेलवर घ्या. राजीनामा दिला की त्याच दिवशी मेल बंद होतो.

वाकडकर

अगदी. माझा दुपारी चार वाजता बंद झाला होता, ग्राहकाशी बोलणं सुरू असताना. कृष्णाकाठ, पीएफचं तुम्ही नक्की कसं सोडवलंत ते लिहा ना. बऱ्याच जणांना उपयोग होईल.

कृष्णाकाठ

लिहिते. आधी आम्ही सगळ्यांनी मिळून सरांना मेल केला, तोंडी बोललो नाही. मेलमध्ये कुठल्या महिन्यांचा भरणा दिसत नाही एवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. पीएफचा भरणा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे एखादा महिना मागेपुढे झाला असं म्हणायला जागाच नव्हती. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ बंधनकारक, आमच्याकडे त्याच्या दुप्पट होती.

मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर तिघे सोडून प्रत्येकाने आपापल्या यूएएनने (पीएफच्या खातेक्रमांकाने) तक्रार नोंदवली. एकत्र एक तक्रार केली असती तर एकाचंच उत्तर आलं असतं. सोबत पगारपत्रकं, बँकेचा उतारा आणि पासबुकाची प्रत. ‘आस्थापनेला कळवले आहे’ असं लिहून पहिली तक्रार बंद झाली, आम्ही परत नोंदवली. गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयात जाऊन अंमलबजावणी अधिकाऱ्यांना भेटलो. तिथल्या एका मॅडमनी फार शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली रक्कम न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो, कंपनीलाही ते माहीत असतं. चौकशीची नोटीस गेली. त्यानंतर रकमा टप्प्याटप्प्याने जमा झाल्या, शेवटचा टप्पा मागच्या महिन्यात. ज्या तिघांनी तक्रार केली नव्हती, भरणा त्यांचाही झाला, कारण चौकशी पूर्ण कंपनीची झाली.

अनुभवाचं पत्र द्यायला कंपनीने नकार दिला. नव्या कंपनीत मी नेमणूकपत्र, पगारपत्रकं, राजीनाम्याचा मेल आणि पीएफची नोंद दाखवली, त्यांनी तेवढ्यावर घेतलं. कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नव्हती, ती दोन महिन्यांनी आपली आपल्याला टाकता येते.

आता ज्या कंपनीत आहे तीही छोटीच आहे. पण सोमवारी आम्ही बसतो तेव्हा काय काम हाती घ्यायचं नाही हेही ठरतं, आणि ते फळ्यावर लिहिलेलं असतं.

व्यवस्थापक_सातारा

जुना_टेस्टर साहेबांनी सांगितलं त्याप्रमाणे आमच्या कंपनीला बॅकअप चढवून दाखवायला सांगितलं. त्यांनी दोन वेळा पुढे ढकललं. काल मुलगा आला, चढवला. कर्जखाती आली, सोनेतारणाचा भाग आला नाही. आता तो मुलगा इथेच बसला आहे, मनापासून खपतो आहे, त्याला मी काही बोललो नाही. कंपनीला मात्र लेखी पत्र पाठवलं आहे आणि विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.

नवखा_अभियंता

मूळ गुणपत्रिका देणार नाही म्हणून सांगितलं. एचआर मॅडम म्हणाल्या सरांना विचारून कळवते. बॉण्डमध्ये प्रशिक्षणाचा खर्च लिहून मागितला आहे. अजून उत्तर नाही. दुसरीकडेही अर्ज टाकतोय. एक विचारायचं होतं, रुजू झाल्यावर पासबुकात पहिली नोंद साधारण कधी दिसायला हवी?

कृष्णाकाठ

पहिला पगार झाला की पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेनंतर चार-पाच दिवस थांबून बघ. कर्मचाऱ्याचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा अशा तीन रकमा दिसतील. पहिल्यांदाच पीएफ सुरू होताना मूळ पगार पंधरा हजारांपेक्षा जास्त असेल तर पेन्शनची रक्कम शून्यही असू शकते. यूएएनला मोबाइल तुझाच जोडलेला आहे ना, ते पहिल्याच आठवड्यात बघून घे. काही ठिकाणी कंपनी स्वतःचा नंबर टाकते, मग ओटीपी तिकडे जातो.

आणि बाबांना माझ्यातर्फे सांग की सही करण्याआधी वाचून घेणं म्हणजे उद्धटपणा नाही. त्यांना हवं असेल तर मी फोनवर बोलेन, मला व्यक्तिगत निरोप पाठव.